घरच्या हवामान केंद्राचा तापमापक नेमका कुठे बसवायचा?

हवामान केंद्र विकत घेतलं, खोक्यातून काढलं, बॅटऱ्या घातल्या आणि गच्चीच्या कठड्याला बांधलं, की एप्रिलमध्ये पहिला प्रश्न हमखास येतो: हवामान खात्याचा आकडा ३९ आणि आपला ४४ कसा? बहुतेक जण यंत्राला दोष देतात आणि दुसरं, महागाचं यंत्र शोधू लागतात. तेही त्याच कठड्याला बांधलं, तर तेही ४४च दाखवेल.

तापमापक फक्त स्वतःचं तापमान सांगू शकतो. ते आजूबाजूच्या हवेइतकंच राहावं, याची व्यवस्था आपल्याला करावी लागते. ऊन, तापलेली भिंत, तापलेली जमीन, एसीचा झोत यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोचलं, तर आकडा हवेचा राहत नाही. याउलट चांगल्या जागी, चांगल्या सावलीत, वाऱ्यावर ठेवलेला साधा सेन्सरसुद्धा विश्वासाने वापरता येतो. मी नाशिक-पुणे पट्ट्यातल्या ओळखीच्या बऱ्याच लोकांना अशी केंद्रं बसवायला मदत केली आहे आणि सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

जागेचं महत्त्व किती, हे जगातल्या सर्वात गाजलेल्या विक्रमावरून कळतं. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेलं ५८ अंश हे कित्येक दशकं पृथ्वीवरचं सर्वोच्च तापमान मानलं जात होतं. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ते रद्द केलं. जुनं अडचणीचं उपकरण आणि नवखा निरीक्षक ही कारणं होतीच, पण तापमापक डांबरासारख्या पृष्ठभागावर होता आणि भोवतालच्या वाळवंटी जमिनीचं प्रतिनिधित्व करत नव्हता, हेही कारण नोंदवलेलं आहे.

## १. सामान आणि परवानग्या आधी जमवा

खांब रोवायला घेतल्यावर धावपळ नको, म्हणून हे आधीच हाताशी ठेवा:

- मोजपट्टी (किमान १५ मीटरची), ओळंबा, पाणसळ
- दिशा बघायला मोबाइलमधलं होकायंत्र (लोखंडी खांबाजवळ धरू नका, काटा फिरतो)
- सव्वा किंवा दीड इंची जीआय पाइप, जमिनीत दोन फूट जाईल इतका जास्तीचा
- यू-क्लॅम्प, स्टीलचे नट-बोल्ट, उन्हात न तडकणारे काळे केबल टाय
- थोडं सिमेंट, वाळू, खडी
- एक वही

सोसायटीत राहत असाल तर गच्ची सामायिक असते. कमिटीला साधा अर्ज द्या: काय बसवणार, कुठे, वजन किती, वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार नाही हे लिहा आणि लेखी संमती घ्या. तोंडी 'हो'वर बसवलेला खांब पुढच्या कमिटीच्या काळात उतरवावा लागतो. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी, आणि शेतात बसवत असाल तर नांगरट-फवारणीच्या वाटेत येणार नाही याची खात्री, एवढं पुरे.

## २. जागा शोधा

यासाठी एक सुट्टीचा दिवस द्या आणि तो कडक उन्हाचा असू द्या. सकाळी आठला, दुपारी एकला, चारला आणि सूर्यास्ताच्या सुमारास अंगणात, परसात, गच्चीवर फिरा. कुठे ऊन येतं, कुठली भिंत हाताला चटका देते, कुठे वारा लागतो, कुठे कोंदटतं, हे वहीत काढलेल्या नकाशावर टिपा. या नकाशाचा उपयोग पुढच्या प्रत्येक पायरीला होतो.

जागतिक हवामान संघटना तापमान केंद्रांच्या जागांचे पाच वर्ग करते. पहिल्या वर्गात सपाट मोकळी जागा, १० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं गवत आणि इमारती, काँक्रीट, पार्किंग, जलाशय यांपासून १०० मीटरहून जास्त अंतर लागतं. दुसऱ्या वर्गाला ३० मीटर, तिसऱ्याला १० मीटर. तिसऱ्या वर्गात जागेमुळे १ अंशापर्यंत, चौथ्यात २ अंशांपर्यंत आणि पाचव्यात ५ अंशांपर्यंत जादा अनिश्चितता धरतात. आता आपलं कठड्याला बांधलेलं यंत्र कुठल्या वर्गात बसतं ते सहज कळेल.

शहरातल्या बंगल्याला १०० मीटर मिळणं शक्य नाही. तुमचं उद्दिष्ट तिसरा वर्ग ठेवा, म्हणजे चहूबाजूंनी १० मीटर, साधारण ३३ फूट. तेही जमलं नाही तर निदान चौथा: १० मीटरच्या वर्तुळात निम्म्याहून जास्त भाग माती, गवत किंवा झाडोऱ्याचा असावा, फरशी आणि भिंतींचा नको. शेतात किंवा गावाकडच्या मोठ्या परसात तिसरा वर्ग आरामात मिळतो. तुमच्या ओळखीत कोणाची अशी जागा असेल तर पहिलं केंद्र तिथे बसवायचा विचार करा.

अडथळ्यांसाठी सोपा हिशेब: भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या चौपट अंतर. पाच फुटी कंपाउंडपासून वीस फूट. दहा फुटी आंब्यापासून चाळीस. झाडाखालची थंडगार सावली मोहात पाडते, पण तिथे वारा अडतो, पानांमधून पाण्याची वाफ निघते आणि रात्री झाडाच्या छत्राखाली जमीन मोकळ्या रानासारखी निवत नाही. दिवसाचा आकडा कमी आणि रात्रीचा जास्त येतो.

आपल्याकडची नेहमीची उष्णतेची ठिकाणं नीट बघून घ्या:

- एसीचं बाहेरचं युनिट आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट. झोताची दिशा सेन्सरकडे असेल तर १० मीटरही कमी पडतात.
- पत्र्याचं छप्पर. दुपारी पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि त्यावरून वर चढणारी हवा आजूबाजूला पसरते.
- पेव्हर ब्लॉकचं अंगण आणि गाडी लावायची जागा. तापलेल्या इंजिनाची ऊब संध्याकाळच्या आकड्यात दिसते.
- पाण्याची टाकी आणि सोलर हीटर.
- चूल, बंब, पालापाचोळा जाळायचा कोपरा.

गारवा देणाऱ्या गोष्टीही तितक्याच फसव्या. विदर्भात, मराठवाड्यात वाळ्याच्या पडद्यांचे कूलर चालतात, त्यांच्याजवळची हवा दमट असते. रोज सडा घातलं जाणारं अंगण, पाणी दिलेली कुंड्यांची रांग, शेजारच्या लॉनचं स्प्रिंकलर यांनी तापमान खाली आणि आर्द्रता वर ढकलली जाते. सेन्सरखालची जमीन तुमच्या परिसरासारखीच असावी. भोवती कोरडं रान असताना फक्त खांबाखाली हिरवळ जोपासू नका.

सखल जागेचा मुद्दा हिवाळ्यात कळतो. निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगट भागात साठते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठतात तेव्हा गावातल्या वेधशाळेचं किमान तापमान शून्याच्या बरंच वर असतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला बागेतल्या सखल कोपऱ्याचा आकडा हवा असेल तर सेन्सर मुद्दाम तिथेच बसवावा. पण गावाचं तापमान म्हणून तो सांगू नये.

## ३. उंची ठरवा

जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर, म्हणजे चार ते साडेसहा फूट. जगभर हाच निकष आहे. आपल्या वेधशाळांमध्ये पांढऱ्या झरोक्यांची जी लाकडी पेटी दिसते, तिच्यातले तापमापकही याच उंचीच्या पट्ट्यात असतात. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रचली, म्हणून तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात.

मी पाच फूट सुचवतो. डोळ्यांच्या उंचीला असल्याने साफसफाई सोपी जाते.

उंचीवर एवढा भर का? दुपारी जमीन तापलेली असते, म्हणून खाली गरम, वर कमी गरम. रात्री उलटं: जमीन आकाशाकडे उष्णता टाकून निवते, म्हणून खाली थंड आणि वर उबदार. डिसेंबरच्या शांत पहाटे गुडघाभर उंचीवरचा आणि दुमजली घराच्या गच्चीएवढ्या उंचीवरचा आकडा यांत काही अंशांचा फरक सहज पडतो. उंची वेगळी असेल तर तुमच्या आकड्याची दुसऱ्या कोणाशी तुलनाच करता येत नाही.

इथे 'ऑल-इन-वन' यंत्रं घेणाऱ्यांची अडचण होते. एकाच दांड्यावर वारा, पाऊस, ऊन, तापमान सगळं. वारा मोजायला १० मीटर उंची हवी आणि तापमानाला दोन मीटरच्या आत. यंत्र वर चढवलं तर तापमान बिघडतं, खाली ठेवलं तर वारा. खरेदीआधीच हे ठरवा. डेव्हिस व्हँटेज प्रो२ सारख्या यंत्रांत वाऱ्याचा भाग केबलने वेगळा उंच बसवता येतो, आणि बऱ्याच कंपन्या तापमान-आर्द्रतेचा सुटा बिनतारी सेन्सर विकतात. माझा सल्ला असा: ऑल-इन-वन आधीच घेतलं असेल तर ते वारा-पावसासाठी वर राहू द्या आणि तापमानाला सुटा सेन्सर खाली बसवा.

## ४. 'उत्तरेच्या भिंतीला लावा' हा सल्ला आपल्याकडे तपासून घ्या

यंत्राबरोबरच्या बऱ्याच पुस्तिकांत आणि व्हिडिओंत हा सल्ला असतो. तो युरोप-अमेरिकेतल्या लोकांसाठी बऱ्यापैकी बरोबर आहे, कारण तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेला असतो. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. त्यानंतर तो उत्तरेकडे सरकतो आणि पुण्या-मुंबईत जुलैच्या अखेरीपर्यंत उत्तरेलाच राहतो. या काळात उत्तरेच्या भिंतीवर दिवसभर तिरकं ऊन असतं, सकाळी आणि संध्याकाळी जास्तच.

त्याआधीसुद्धा सुटका नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो. एप्रिलच्या मध्याला पुण्यात सकाळी साधारण साडेआठपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतं. म्हणजे उन्हाळ्याचं कमाल तापमान जिथे मोजायचं, त्याच ऋतूत ही भिंत दगा देते.

आणि भिंत मुळातच नको. विटांची किंवा काँक्रीटची भिंत दिवसभर उष्णता पिते आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते, त्यामुळे किमान तापमानही वर जातं. भिंतीला लावण्यावाचून पर्यायच नसेल तर लांब आडवा हात काढून सेन्सर निदान तीन-चार फूट पुढे घ्या.

## ५. सेन्सरला चांगली सावली द्या

मोकळ्या जागेत सेन्सर उन्हात येणारच, म्हणून त्याला शील्ड लागतं: एकावर एक रचलेल्या पांढऱ्या थाळ्या, ज्यांच्यामधून वारा खेळतो पण ऊन आत शिरत नाही.

तयार शील्ड घेताना तीन गोष्टी बघा. थाळ्या भरपूर असाव्यात, सेन्सर मधल्या थाळ्यांच्या पोकळीत पूर्ण झाकला जावा आणि प्लास्टिकमधून उजेड आरपार जाऊ नये. तिसरी गोष्ट तपासायला अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च थाळीमागे धरा. प्रकाश दिसला, तर ऊनही आत जातं.

घरी करायचं असेल तर कुंडीखाली ठेवायच्या सहा-सात इंची पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या आठ-दहा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून आटे पाडलेल्या तीन बारीक सळया आणि नट-वॉशर. थाळ्या पालथ्या घालून दोन थाळ्यांमध्ये दीड ते दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. वरच्या दोन अखंड, खालच्यांना मध्ये तीन-चार इंचाचं गोल भोक. सेन्सर या पोकळीच्या मध्यावर लटकवा, थाळीला टेकू देऊ नका. थाळ्या रंगीत असतील किंवा टॉर्चच्या परीक्षेत नापास झाल्या, तर बाहेरच्या बाजूला पांढऱ्या एक्स्टिरियर रंगाचे दोन हात द्या. नवा रंग काही दिवस उन्हात पुरता वाळू द्या आणि मगच सेन्सर घाला, कारण रंगाच्या वाफांनी आर्द्रतेचे सेन्सर बिघडतात.

पत्र्याचा किंवा लोखंडी डबा भोकं पाडून वापरू नका. तो स्वतःच तापतो.

उत्तम शील्डलाही मर्यादा आहे. वारा पूर्ण पडलेल्या, रणरणत्या दुपारी साध्या शील्डमध्ये एक-दोन अंश, कधी त्याहून जास्त वाढ होते. त्यावर उपाय म्हणजे छोटा पंखा लावून हवा सतत ओढणं. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा लहान पंखा आणि छोटं सोलर पॅनल यांत हे जमतं. पंखा खालून हवा आत ओढून सेन्सरवरून वर बाहेर टाकेल असा बसवा, म्हणजे मोटरची ऊब सेन्सरकडे येत नाही. विदर्भातल्या, खानदेशातल्या लोकांनी हा खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. तिथे ४४ आणि ४६ मधला फरक लोकांच्या जिवाशी जोडलेला आहे.

उजेड खालूनही येतो, हे बरेच जण विसरतात. हल्ली गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा रंग देतात. घर गार राहतं, पण परतलेलं ऊन शील्डच्या खालच्या तोंडातून थेट आत जातं. अशा गच्चीवर सेन्सरखाली एक अखंड थाळी, वरच्या थाळ्यांपासून थोडी दूर, जरूर बसवा.

## ६. स्वतः जुळवणी करणाऱ्यांसाठी

तयार यंत्र घेतलं असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर स्वस्त आहे, अचूकता अर्ध्या अंशाची, पण आपल्या पावसाळ्यात त्याची आर्द्रता लवकर भरकटते. एसएचटी३१ साधारण ०.२ अंशाचा, थोडा महाग आणि घेण्यासारखा. पाण्याला न भिणाऱ्या स्टीलच्या नळीत मिळणारा डीएस१८बी२० अर्ध्या अंशाचा आहे. त्याला आर्द्रता कळत नाही, पण लांब वायर आणि कोकणातला पाऊस तो चांगला सोसतो. बीएमई२८० हवेच्या दाबासाठी छान, तापमानासाठी मात्र त्यावर एकट्यावर विसंबू नका, तो स्वतःच थोडा गरम होतो.

सेन्सरच्या नोंदी घेणारा ईएसपी३२ सारखा बोर्ड शील्डमध्ये कधीही ठेवू नका. बोर्ड आणि बॅटरी वेगळ्या डब्यात, सेन्सरच्या खाली आणि दोन-तीन फूट दूर. दोन नोंदींच्या मध्ये बोर्डला झोपवा (स्लीप मोडमध्ये टाका). दर मिनिटाला नोंद घेऊन पाच मिनिटांची सरासरी साठवलीत तर एखाद्या क्षणाचा गरम झोत कमाल तापमान म्हणून नोंदला जाणार नाही.

## ७. खांब उभा करा

दोन फूट खोल खड्डा, पाइप ओळंब्यात, कडेने काँक्रीट, सात दिवस पाणी. काँक्रीटचा चौथरा वर काढू नका, जमिनीखालीच ठेवून वर माती ओढा. शील्ड खांबापासून आडव्या हातावर फूटभर बाजूला लावा आणि खांबाला पांढरा रंग द्या.

गुरंढोरं येत असतील तर काटेरी तारेऐवजी बांबूचं विरळ कुंपण चालेल, वारा अडता कामा नये. वळवाच्या पावसात विजा पडतात, म्हणून मोकळ्या रानात आणि गच्चीवर खांब आसपासचा सर्वात उंच भाग होऊ देऊ नका. ढग गडगडत असताना तिथे जाऊ नका. वायर घरात येणार असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या.

## ८. आकडे तपासा

या पायरीवर घाई करू नका. दोन वेगळ्या चुका असतात आणि त्या वेगवेगळ्या दिवशी दिसतात.

पहिली चूक सेन्सरची स्वतःची. ती बघायला ढगाळ, वाऱ्याचा दिवस निवडा. जुलैतला पाऊस न पडणारा, भरून आलेला दिवस उत्तम. अशा दिवशी ऊन नसतं आणि हवा नीट मिसळलेली असते, त्यामुळे जवळपासची सगळी केंद्रं जवळजवळ सारखं तापमान दाखवतात. त्या दिवशी तुमचा सेन्सर सतत ०.७ अंश जास्त दाखवत असेल, तर तो सेन्सरचा दोष. यंत्रात ०.७ वजा करायची सोय असते, ती वापरा.

दुसरी चूक जागेची. ती निरभ्र, वारा पडलेल्या दिवशी दिसते. ढगाळ दिवशी बरोबर असलेला सेन्सर कडक उन्हात तीन अंश जास्त दाखवू लागला तर जागा किंवा शील्ड बदला. अशा वेळी आकड्यातून सरसकट तीन वजा करू नका. तसं केलंत तर रात्रीचे आणि पावसाळ्यातले सगळे आकडे तीनने चुकतील.

आलेख वाचायची सवय लावा. रोज सकाळी ठरावीक वेळी अचानक उंचवटा येऊन पुन्हा खाली जात असेल, तर त्या वेळी तिरकं ऊन थाळ्यांमधून आत शिरतंय. वाऱ्याची झुळूक येताच आकडा झपकन उतरत असेल तर शील्डमध्ये हवा कोंडते आहे. सूर्यास्तानंतर तापमान सावकाश उतरत असेल आणि शेजारच्या मोकळ्या केंद्राचं भराभर, तर जवळची भिंत किंवा स्लॅब उष्णता सोडतो आहे.

जलरोधक सेन्सर असेल तर बर्फाची परीक्षा घ्या. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ भरा, फटी बुजतील इतकंच थंड पाणी घाला, ढवळा, सेन्सर मध्यभागी धरून दहा-पंधरा मिनिटं थांबा. शून्य यायला हवं. आर्द्रतेसाठी मिठाची परीक्षा: झाकणात मीठ आणि ते ओलं होईल इतकंच पाणी, ते आणि सेन्सर एका घट्ट डब्यात रात्रभर, पाणी सेन्सरला न लागता. २५ अंशांच्या आसपास डब्यातली आर्द्रता ७५ टक्के असते.

तुलना कोणाशी करायची? हवामान खात्याच्या वेधशाळांशी, किंवा राज्यात महसूल मंडळ पातळीवर उभारलेल्या महावेधच्या केंद्रांशी. कृषी महाविद्यालयांत आणि काही कृषी विज्ञान केंद्रांत स्टीव्हन्सन पेटी असते. रीतसर पत्र देऊन तुमचा सेन्सर काही दिवस पेटीशेजारी ठेवायची परवानगी मिळाली, तर त्याहून चांगली तपासणी नाही. तुलना करताना दोन गोष्टी सांभाळा. उंचीतला फरक धरा: १०० मीटर चढलं की सरासरी ०.६५ अंश कमी, कोरड्या दुपारी जवळजवळ एक अंश. आणि वेळ बघा. हवामान खातं किमान तापमान सकाळी ८.३० ला आणि कमाल संध्याकाळी ५.३० ला वाचतं, तुमचं यंत्र बहुधा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत दिवस धरतं. हिवाळ्यात किमान आकड्याची तारीख यामुळे सरकू शकते.

सरकारी आकडा म्हणून डोळे झाकून मानायचाही नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. खात्याने प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून तपासलं तेव्हा तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडाही सेन्सरच्या बिघाडामुळे चुकीचा असल्याचं खात्याने सांगितलं. म्हणून तुलना एका केंद्राशी न करता तीन-चार केंद्रांशी करा.

## ९. अंगण नसेल तर

गच्ची मिळत असेल: स्लॅबपासून निदान दोन मीटर उंच, टाकी आणि जिन्याच्या खोलीपासून शक्य तितकं दूर, वायव्येचा कोपरा बघा. उन्हाळ्यात दुपारचं वारं आपल्याकडे बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतं आणि या कोपऱ्यात ते तापलेल्या स्लॅबवरून न जाता पोचतं. किमान तापमान तरीही जास्तच येईल, हे गृहीत धरा.

फक्त बाल्कनी असेल: सर्वात कमी ऊन येणारी बाल्कनी, रेलिंगबाहेर दोन-तीन फूट हात, खालच्या मजल्याचं एसी युनिट नेमकं खाली नाही ना ते बघून. खाली माणसं चालतात, म्हणून क्लॅम्पशिवाय स्टीलच्या तारेचा एक जादा बंध हवाच. हा आकडा परिसराचं तापमान म्हणून जाहीर करू नका. कालच्यापेक्षा आज किती, थंडीची लाट कधी आली, पाऊस येताना हवा किती उतरली, यासाठी तो उपयोगी आहे.

## १०. वर्षभराची देखभाल

मे महिन्याच्या शेवटी थाळ्या उतरवून साबणाच्या पाण्याने धुवा. धुळीने पिवळट झालेलं शील्ड जास्त तापतं. कुंभारमाशीची मातीची घरटी, कोळ्याची जळमटं आणि पालीची अंडी हमखास सापडतात. बारीक जाळी लावून हे टाळता येतं, पण जाळी चोंदली की हवा बंद, म्हणून ती महिन्याला झटका. गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर उजेडी हात घालू नका, रात्री जाणकार माणूस बोलवा. आत कीटकनाशक फवारू नका, आर्द्रतेचा सेन्सर त्याने कायमचा जातो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, आर्द्रता दिवसेंदिवस १०० वर अडकलेली दिसेल. सप्टेंबरअखेर ऊन पडल्यावर ती खाली येते का बघा. नाही आली तर सेन्सर बदला. किनाऱ्यालगत खारं वारं तांबं आणि जोड खातं, तिथे दर पावसाळ्यानंतर जोड पुसून ग्रीस लावा. दिवाळीच्या सुमारास खांबाभोवतीचं वाढलेलं गवत कापा, आणि वर्षातून एकदा आठव्या पायरीतली ढगाळ दिवसाची तपासणी पुन्हा करा.

वहीच्या पहिल्या पानावर केंद्राची ओळख लिहा: अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, सेन्सरची जमिनीपासूनची उंची, खालचा पृष्ठभाग, चारही दिशांना सर्वात जवळची भिंत किंवा झाड किती अंतरावर, सेन्सर आणि शील्ड कोणतं, बसवल्याची तारीख. चार दिशांना तोंड करून चार फोटो काढा. शेजारी नवी इमारत उभी राहिली, अंगणात फरशी आली, सेन्सर बदलला, तर तारखेसह नोंद करा. तुमचे आकडे इंटरनेटवर इतरांना देत असाल तर ही माहितीही त्यांच्याबरोबर द्या.